वैनगंगेच्या या तीरावरची आयरिश कॉफी

कायद्याला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आपलं पोट कोणत्या जिल्ह्याच्या हद्दीत आहे याची काळजी करणारे माझे व्याही एकटेच. ते वैनगंगेच्या पलीकडे चामोर्शीत राहतात, मी अलीकडे पोंभुर्ण्यात. त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आमच्याकडची उठली. त्यांच्या मुलाने पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांना व्हिस्की घातलेली आयरिश कॉफी पाजली आणि तेव्हापासून हा गृहस्थ कामातून गेला. पण सारी नोकरी कोर्टात बेलिफ म्हणून केलेली. थेंबभर व्हिस्की पुलापलीकडे न्यायची नाही म्हणजे नाही! म्हणून दर शनिवारी पिशवीत कॉफी, गूळ आणि म्हशीच्या दुधाची साय घेऊन स्वारी एसटीने आमच्या स्वयंपाकघरात हजर. बाटली तेवढी माझ्या कपाटात.

मग माझ्या बायकोला स्वतःच्याच शेगडीजवळ फिरकायची सोय नाही. आधी पेले गरम पाण्याने तापवायचे. गुळावर कडक काळी कॉफी ओतून ढवळायची, मग मोजकी व्हिस्की. शेवटी चमच्याच्या पाठीवरून फेटलेली साय इतकी हळू सोडायची, की मला डुलकी लागे. साय तरंगली की पेला उजेडात धरून मला, आपल्या व्याह्याला, म्हणत, "हे पाहा इवाई! ढवळू नका, सायीतूनच प्या." मी एकदा मुद्दाम चमचा घातला, तर पुढच्या शनिवारी आलेच नाहीत. प्यायल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्या खाटेवर बसून राहत. "पोटातली घेऊन पुलावर गेलो तर गुन्हा होते का नाई, समजून नाई राह्यलं."

"अजी, चमचाभर तर पेता!" मी म्हणे.

"चमचाभर दारू, दारू नाई का?"

यंदाच्या हिवाळ्यात मात्र एकदा आले ते पिशवी उघडेचनात. विहीणबाई पडल्यापासून खुब्याने अधू, अंगणापलीकडे गेलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "एवढं काय पेता तिकडं? एकदा मलेही पाजा."

"घरी न्याले कायदा नाई, अन् तिले आणाले तिचा पाय नाई," व्याही म्हणाले आणि चक्क रडले.

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "अजी इवाई, बाटली तिकडं जात नाई, पण इहीनबाईले इकडं याले कोणी अडवलं? गाडी करा नं!"

पुढच्या शनिवारी गाडीत उशा रचून त्यांना आणलं. पेले तापले, गूळ विरघळला आणि ऐन वेळी व्याह्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. साय भसकन बुडाली, सगळी कॉफी गढूळ. ते दुसरा पेला करायला वळले, तर विहीणबाईंनी तोच ओढून घेतला. "बुडू द्या. पोटात गेल्यावर कुठी तरंगते?"

पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, तरी दुसरा घेतला. मग खिडकीतून रस्त्याकडे, बाजाराला निघालेल्या बायांकडे बराच वेळ पाहत बसल्या.

"गाडी तर भेटतच होती," त्या हळूच म्हणाल्या. "मंग मले पहिलेच काऊन नाई आणलं?"

व्याह्यांनी बायकोच्या पायांवरची शाल नीट केली आणि तिथेच, तिच्या खुर्चीला टेकून, खाली बसले.