हात ठेवला की थांबणारी चरचर

शेवंतीमावशी जगात माणसांचे दोनच प्रकार मानते. ज्यांना ऐकू येतं ते, आणि बाकीचे. पहिल्या प्रकारात ती एकटी आहे.

परळच्या एका रेडिओ कारखान्यात तिने बावीस वर्षं सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला. तेव्हापासून लालबागच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर बसून ती लोकांचे मिक्सर दुरुस्त करते आणि लोकांना नावं ठेवते. दुसरं काम ती जास्त मन लावून करते.

तिच्या शेजारी विनीत राहतो. तो गिटार वाजवतो. त्याने कुठूनतरी व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आणला. आत दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह, बाहेर भला मोठा स्पीकर. चालू केला की चरचर. पहिल्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह बदलले. दुसऱ्याने पहिल्याने बदललेले बदलले. तिसरा म्हणाला, जुन्या मालात एवढं चालायचंच. तो सगळ्यांत शिकलेला होता. आणि गाताना माइकला ओठ लागला की विनीतला मुंग्या यायच्या.

त्याची आई रुपालीताई म्हणाली, "रविवारपर्यंत ही कटकट थांबली नाही तर पेटी भंगारात."

शनिवारी दुपारी विनीतने आणि मी मावशीला त्याच्या खोलीत बोलावलं. तिच्याकडे सगळे शेवटीच जातात.

"तीन गाढवं झाली, मग मी आठवले," ती म्हणाली. "लाव."

विनीतने बटण दाबलं.

"अनुजा, तू मराठीची बीए ना? हा आवाज कसला?"

"गुरगुर," मी म्हणाले.

"गुरगुर पॉवर सप्लायची. जाड असते. ही चरचर. तापल्या तेलात पाणी पडल्यासारखी. तीन वर्षं काय शिकवलं गो तुका?"

तिचा शब्द बरोबर होता.

तिने उदबत्तीची जळकी काडी घेतली आणि एकेका व्हॉल्व्हवर हळूच टिचकी दिली. व्हॉल्व्ह बिघडला असेल तर टिचकी स्पीकरमधून खणखणते. एकही खणखणला नाही.

"व्हॉल्व्ह ठणठणीत. मेकॅनिक नासके."

"मावशी, एक गंमत आहे," विनीत म्हणाला. "मी गिटारच्या तारांवर हात ठेवला की चरचर थांबते." पाळलेलं कुत्रं फक्त आपलंच ऐकतं, तशा थाटात म्हणाला.

मावशीची काडी थांबली. "हे त्यांना सांगितलंस?"

"हो. ते म्हणाले, मग बरंच आहे. वाजवताना हात तारांवर असतोच."

"मेल्या, भिंतीत अर्थिंगची वायर असते. तिच्या जागी तू उभा आहेस. तो बाजा तुझ्या अंगातून जमीन शोधतोय. उद्या आत काही सुटलं, की तुझा फोटो भिंतीवर."

तिने घरून होल्डरला लावलेला दिवा आणला. त्याची एक वायर फेजमध्ये घातली, दुसरी अर्थिंगच्या भोकात. दिवा लागायला हवा होता. लागला नाही.

बोर्डातून निघालेली अर्थिंगची वायर गॅलरीत जाऊन सगळ्या मजल्याच्या सामाईक वायरला मिळत होती. मावशी तिच्यामागे निघाली, आम्ही मावशीमागे. वाटेत चाळ कमिटीचे सेक्रेटरी हरेश्वर खुर्ची टाकून बसले होते.

"काय शोधताय मावशी?"

"तुझी अक्कल. बारीक आहे, वेळ लागेल."

ते हसत मागे आले. वायर गॅलरीच्या टोकाला, सामाईक मोरीत संपत होती. तिथे ती नळाच्या पाइपला बांधली होती. तीन वेढे, वर गाठ, गाठीवर पांढरा रंग. काम नीटनेटकं होतं. पाइप प्लास्टिकचा होता. मे महिन्यात कमिटीने जुना लोखंडी पाइप काढून हा बसवला होता. प्लास्टिकमधून वीज जात नाही, एवढं मलाही कळतं.

"कुठल्या गाढवाने बांधली ही?" मी म्हणाले. मलाही सवय लागली होती.

हरेश्वर हसायचे थांबले. "प्लंबर तशीच सोडून चालला होता. मावशींनीच अडवला त्याला. अर्थिंगची वायर आहे, म्हणाल्या, बांध परत. उभं राहून गाठ आवळून घेतली."

मी मावशीकडे बघत राहिले. ती उलट काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं.

तिने पाइपवर नखाने टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"मे महिन्यापासून इथेच भांडी घासते," ती म्हणाली. "हा आवाज ऐकला नाही मी."

मग ती निघाली. मजल्यावर अकरा खोल्या. प्रत्येक दारात उभी राहून ती एकच वाक्य म्हणाली. "फ्रीज, गिझर, मशीन बंद ठेवा, अर्थिंग नाही, चूक माझी." सातव्या दारात सुभद्राबाईंनी विचारलं, "कोणाची म्हणालात?" मावशीने पुन्हा सांगितलं. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. मी मागे चालत होते. तिने मला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

रविवारी वायरमनने खाली जमिनीत सळई ठोकून अर्थिंग वर आणलं. मावशी खाली उभी होती. सळई पुरती आत जाईपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. वर विनीतने पेटी लावली, तारांवरून हात काढला. चरचर नाही. रुपालीताई स्वयंपाकघरातून विचारायला आली, चालू आहे का.

मी मावशीचं दार वाजवलं. "गेला आवाज. या ना ऐकायला."

ती कोणाचातरी मिक्सर उघडून बसली होती.

"तूच ऐक," ती म्हणाली. "आणि नीट ऐक. मला विचारून उपयोग नाही."