न्यूट्रलचं बोल

मला मुक्ताबाईचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी बोट दाखवायला नको.

बावीस वर्षं झाली, मी या सम्यकनगरात राबते. शाळा आठवीपर्यंत. पुढचं सगळं स्वतः शिकले. माहितीचा अर्ज कसा लिहायचा, ठाण्यात कोणत्या शब्दाला साहेब दचकतो, मोर्चात पुढच्या रांगेत कुणाला उभं करायचं, सगळं. गल्लीला मी शब्द दिले: हक्क, संघटन, जाब, प्रतिनिधित्व. सभेत टाळ्या पडायच्या. पण सभा उठली की शब्द सतरंजीवरच राहायचे. कुणी घरी नेले नाहीत.

मुक्ताबाईचे शब्द मात्र घरोघर. आमच्या गल्लीत आता कुणी रागावत नाही, 'ट्रिप होतं'. बाळंतीण अशक्त असेल तर 'व्होल्टेज कमी आहे'. उशिरा उजेड पडणाऱ्याला ट्यूबलाईट तर सगळेच म्हणतात, पण आमच्याकडं त्याला पुढचा प्रश्न असतो: चोक गेलाय का स्टार्टर? चोक गेला म्हणजे माणूस मुळातच मठ्ठ. स्टार्टर गेला म्हणजे माल चांगला आहे, कुणीतरी टिचकी मारायला पाहिजे. नर्सिंगला जाणारी आमची प्रेरणा बारावीला पहिल्या वेळी नापास झाली तेव्हा तिच्या आईनं दारात उभं राहून सांगितलं, "पोरीचा चोक ठीकंय, स्टार्टर बदलायचाय." आणि त्याच आईला मी शिक्षणाच्या हक्कावर तासभर भाषण दिलं होतं. त्यातलं तिला एक वाक्य आठवत नव्हतं.

मुक्ताबाई मूळची वैजापूर तालुक्यातली. लग्न होऊन इथं आली आणि वाळूजच्या एका कंपनीत कॉइल गुंडाळायच्या लाईनीवर लागली. सतरा वर्षं तांब्याची तार आणि फेरे. फेरे मोजताना बोललं की आकडा चुकतो, म्हणून तिथल्या बायका दिवसभर गप्प. ती सांगते, "सतरा वर्षांचं बोलणं तुंबलं होतं, आता गळायलंय." मग कंपनीनं गुंडाळायचं यंत्र आणलं आणि बायकांना घरी पाठवलं.

मी तिच्याकडं गेले. म्हणाले, "आक्का, चल, गेटवर उपोषणाला बसू."

ती म्हणाली, "यंत्र फेरे मोजतंय, विशाखा. जळाल्याचा वास घेत नाय. मी वासावर जगीन."

मी सहा बायकांना घेऊन अकरा दिवस बसले. पदरात काही पडलं नाही. त्या अकरा दिवसांत तिनं गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीची पत्र्याची टपरी ठोकली आणि अकराव्या दिवशी मी सलाईन लावून घरी आले तेव्हा तिच्या दारात बायका मिक्सर घेऊन रांगेत उभ्या होत्या. मला बघायला त्यातल्या दोघी आल्या. त्याही मिक्सर हातात घेऊनच.

तिचं कसब मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. जळक्या कूलरची मोटर ती उघडायच्या आधी नाकाजवळ नेते आणि सांगते, "वार्निश जळलंय, तार चांगलीय." माणसांचंही तसंच. कारभारी म्हणून आमच्याकडं एक पुढारी आहे, प्रत्येक शिष्टमंडळात असतो. तो इंडिकेटर; लाल पेटतो, काम काही करत नाही. स्वतःचा नवरा साहेबराव, तो इन्व्हर्टर, "लाईट गेल्यावरच कळतं घरात हाय म्हणून." तोही हसतो.

मग एकदा कुणीतरी विचारलं, "आन् आपली विशाखाताई?"

"विशाखा म्हणजे हॅलोजन," मुक्ताबाई म्हणाली. "उजेड लई. पण जवळ उभं राहवत नाय."

गल्ली आठवडाभर हसली. माझ्या सख्ख्या भावजयीनं चहा देताना विचारलं, "लांबून देऊ का?"

तर हे असं साचत होतं. आणि मग मे महिन्यातली ती दुपार आली.

आमच्या गल्लीत घरांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत नोकरीवाले, पक्की घरं, चार-पाच एसी. खालच्या ओळीत रोजंदारीवाले, घरात एक दिवा, एक पंखा, फार तर टीव्ही. त्या दुपारी खालच्या ओळीतले दिवे एकदम पांढरेफटक झाले, पंखे उडून जातील असे फिरले आणि फटाफट आवाज सुरू झाले. पारूबाईचा टीव्ही धूर टाकून विझला. धम्मपालचा कुल्फीचा फ्रीजर गेला, ऐन मे महिन्यात. पंधरा-सोळा घरांत काही ना काही जळलं. आणि त्याच वेळी वरच्या ओळीत दिवे काजव्याएवढे. एसी बंद.

सगळे रस्त्यावर. खालचे म्हणाले, वरच्यांच्या एसीनं आमच्या वस्तू खाल्ल्या. वरचे म्हणाले, खालच्यांनी तारेवर आकडे टाकले म्हणून आमचे दिवे गेले. प्रकरण हातघाईवर आलं. मी मध्ये पडले, पण बाजू घेऊनच पडले. ज्यांचं जळलं त्यांची. मी दुसरं काय करणार?

तेवढ्यात मुक्ताबाई टपरीतून टेस्टर घेऊन आली. पारूबाईच्या घरातल्या बोर्डात जिथं टेस्टर पेटायला नको त्या भोकात तिनं तो घातला. पेटला. ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "विशाखा, साहेबाकडं जाशील तर न्यूट्रलचं बोल. बाकीचं मागून."

मला ऐकू आलं, न्यूट्रल बोल.

बाजू घेऊ नको. कुंपणावर बस. गोड बोल. हे मला! माझ्या लोकांची घरं धुरानं भरलेली असताना, तीस माणसांसमोर!

"आक्का," मी ओरडले, "मी जन्मात कधी न्यूट्रल बोलले नाही आणि बोलणारही नाही! ज्यांचं जळलंय त्यांच्या बाजूनं बोलणार!"

खालच्या ओळीनं शिट्ट्या मारल्या. मुक्ताबाईच्या कपाळाला आठी पडली. "अगं बाई, मी तारेचं म्हणायले..." पण तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या. तिनं मान हलवली. "ट्रिप झाली," म्हणाली आणि टपरीत गेली.

खरं सांगायचं तर मला ऐकून घ्यायचंच नव्हतं. त्या दिवशी तरी गल्ली माझ्या शब्दावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज ऑफिसला निघालो. मी, कारभारी आणि प्रेरणा. मुक्ताबाईला बोलावलं नाही. प्रेरणानं विचारलं, "मावशीला घ्यायचं ना?" मी म्हणाले, "तिथं मिक्सर दुरुस्त करायचा नाही." निवेदन रात्रीतून मीच लिहिलं होतं. दोन पानं, धारदार. वरच्या ओळीतील रहिवाशांनी मंजुरीपेक्षा जादा लोड घेतल्यामुळे गोरगरिबांच्या वस्तू जळाल्या, सबब दोषींवर कारवाई करून भरपाई मिळावी. खाली पहिली सही माझी.

साहेब तरुण होता. बसा म्हणाला नाही. त्या ऑफिसात बावीस वर्षांत मला कुणीच बसा म्हणालं नाही, तर हा कशाला म्हणेल. त्यानं दोन्ही पानं शांतपणे वाचली.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय?"

"शब्द न् शब्द."

"मग माझं काम सोपं झालं. जादा लोड तुमच्याच लोकांनी घेतला, असं तुम्हीच लेखी देताय. म्हणजे आमच्याकडून भरपाईचा प्रश्नच येत नाही. उद्या तपासणी पथक पाठवतो. ज्याचा लोड जास्त, ज्याचा आकडा, त्याचं कनेक्शन काढू. दोन्ही ओळींचं."

"बरोबर आहे, साहेब," कारभारी म्हणाला. पेटला लाल.

साहेबानं कागद शेजारच्या बाबूकडं सरकवला. बाबूनं पोच द्यायला शिक्का शाईत बुडवला.

"थांबा काका!" प्रेरणा म्हणाली. "साहेब, आमच्या मुक्तामावशी म्हणत होत्या, न्यूट्रल गेलाय. वरच्या ओळीत दिवे मंद झाले आणि खालच्या ओळीत भसाभस पेटले. न्यूट्रलला टेस्टर लावला तर पेटला."

साहेब खुर्चीत सरळ झाला. "एकाच वेळी? वर मंद, खाली भसाभस?"

"हो."

"मग हे काय लिहून आणलंय तुम्ही? न्यूट्रल गेला असेल तर लोडचा विषयच वेगळा. टेस्टर कुणी लावला?"

"मुक्तामावशीनं. त्या वाइंडिंगचं काम करतात."

"त्यांना का नाही आणलं?"

प्रेरणानं माझ्याकडं बघितलं. कारभारीनंही बघितलं. बाबूचा शिक्का हवेत.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहिते, लाज वाटली तरी. कागद परत घेतला तर संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच गोष्ट फिरणार: विशाखाला मुक्ताबाईनं शिकवलं. नवा शब्द निघेल, नवं नाव पडेल. शिक्का पडू दिला तर माझा शब्द राहील. पण धम्मपालच्या फ्रीजरचं खापर त्याच्याच माथी फुटेल आणि परवा पारूबाईच्या घरावरून तार निघेल. आणि ती तार माझ्या सहीनं निघेल.

शिक्का खाली यायच्या आत मी कागद ओढून घेतला. शाईचा एक ठिपका माझ्या हातावर पडला.

"हा कागद माझा आहे आणि चुकलेला आहे," मी म्हणाले. "नवा देते." आणि व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आक्का, वीज ऑफिसात ये."

"काय झालं?"

"काय नाही. न्यूट्रलचं बोलायला ये."

ती म्हणाली, "'चं' आज ऐकू आला व्हय तुला?" आणि अशी हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

वीस मिनिटांत आली. साहेबरावनं स्कूटीवर सोडलं. बोटं वार्निशनं काळी, साडीला तांब्याचा एक बारीक तुकडा चिकटलेला. दारातून आत आली आणि साहेब म्हणाला, "या, बसा."

बसा!

ती बसली. टपरीतल्या स्टुलावर बसते तशी, गुडघे फाकवून, काही विशेष घडलंय असं न मानता. मी उभीच होते. आतून कुणीतरी विस्तव लावल्यासारखं झालं. बावीस वर्षं मी या दारात घसा फोडला आणि खुर्ची हिला.

"साहेब," ती म्हणाली, "वरच्या ओळीला एक फेज, खालच्या ओळीला दुसरी. न्यूट्रल दोघींचा एकच. तो खांबावरच्या डीपीच्या पेटीत तुटला, की जिथं लोड जास्त तिथं अंधार, आन् जिथं गरिबाचा एकच दिवा जळतोय तिथं सगळं व्होल्टेज अंगावर. म्हणून खालच्यांचं जळलं. ना कुणाच्या एसीनं, ना कुणाच्या आकड्यानं. डीपीवरच्या जॉइंटचं नट बघा, काळं पडलं असंल."

साहेबानं तिथूनच लाईनमनला फोन केला. मग आम्हाला म्हणाला, "नवा अर्ज द्या. दोष आमच्या बाजूचा निघाला, तर भरपाईचं प्रकरण पुढं पाठवतो. जळालेल्या वस्तूंची यादी जोडा."

"मला सहीपुरतंच लिहिता येतं," मुक्ताबाई म्हणाली. "विशाखा लिहील. तिचं अक्षर लई झाक."

तर ती सांगणार आणि मी लिहिणार. उभ्यानं, बाबूच्या टेबलाच्या कोपऱ्यावर.

"लिही, डीपीवरचा न्यूट्रल तुटल्यामुळं."

लिहिलं. "अन्याय कुठं घालू?"

"कशाला?"

"आक्का, अन्यायाशिवाय निवेदन असतं का?"

"मग खाली घाल. जागा उरली तर."

जागा उरली नाही. वस्तूंची यादीच पानभर झाली. तळाला आले. अर्जदार. तिथं बावीस वर्षं माझं नाव पहिलं जातं, हाताला सवय आहे. हात 'वि' लिहायला वळलासुद्धा. मी तो आवरला आणि इतका दाबून 'मुक्ताबाई' लिहिलं की मागच्या पानावर उमटलं. पुढं लिहिलं, वाइंडिंग कामगार.

ती वाकून बघत होती. "कामगार मी कंपनीत व्हते," ती म्हणाली. "मिस्त्री लिही."

मी खोडलं आणि मिस्त्री लिहिलं. माझ्या नावापुढं 'सामाजिक कार्यकर्ती' लिहितात, ते मीच लिहिते. हिला मात्र आपण कोण हे आधीपासून ठाऊक होतं. तिनं सही केली, खाली मी. शिक्का पडला.

लाईनमन दुपारीच डीपीवर चढला. नट काळं पडलेलं निघालं. दोन्ही ओळींचे दिवे सारखे पेटले आणि गल्लीत एकच ओरड झाली, "मुक्ताबाईनं लाईट आणली!" मीही त्या गर्दीत उभी होते. टाळ्या मी पण वाजवल्या, जरा सावकाश. प्रकरण पुढं गेलंय, त्यामागं पाठपुरावा मीच करते. दर सोमवारी जाते. मुक्ताबाईला एवढ्या चकरा जमणार नाहीत, आणि जमल्या तरी मी तिला जाऊ देणार नाही.

शिक्का मारलेली पोच माझ्या पिशवीत आहे. अर्जदार ती आहे, तेव्हा पोच कायद्यानं तिच्याकडं असायला पाहिजे. तिनं दोनदा मागितली. देते म्हटलंय.