वसुधाताईंनी ‘हो’ लिहिलं

मोठ्या भावोजींचा फोन आला तेव्हा मी दह्याचे रिकामे डबे धुऊन प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत भरत होते. “अनघा, वसुधा उठत नाहीये गं,” एवढंच ते म्हणाले. आम्ही राहतो टोकियोतल्या फुनाबोरीत, आणि ते दोघं चालत जाण्याच्या अंतरावर. मी तशीच ओल्या हातांनी निघाले. वसुधाताई, माझ्या मोठ्या जाऊबाई, उशीवर गाल टेकवून पडल्या होत्या. वेणी नीट, पांघरूण नीट, चेहऱ्यावर कसली ओढाताण नाही... डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार. सगळे रडत होते, मीही रडले. पण रडता रडता माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की घ्या, मरणसुद्धा ह्यांनाच चांगलं मिळालं! आता महिना उलटून गेलाय. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड गोड लिहितात, मला ते जमेलसं वाटत नाही. मी वीस वर्षांहून जास्त काळ वसुधाताईंचा हेवा केला, अगदी मनापासून केला, आणि त्या गेल्या म्हणून तो काही संपलेला नाही.

आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सॉफ्टवेअरमधले. दोन हजार साल उलटलं आणि जपानी कंपन्यांना भारतीय इंजिनिअर हवेसे झाले, तेव्हा पुण्यातून माणसं भराभर इकडे यायला लागली. भावोजी वयाने बरेच मोठे, टीम सांभाळायला म्हणून आधी आले. त्यांची मुलगी केतकी शिक्षणासाठी पुण्यातच होस्टेलवर राहिली. मागोमाग आम्ही आलो. मी पुण्यात जपानीचे वर्ग करून, परीक्षा पास होऊन आले होते, झोपेतून उठवून विचारलं तरी क्रियापदाचं रूप चुकलं नसतं. वसुधाताईंचं जपानी म्हणजे चार नामं, हातवारे आणि मध्ये मध्ये “अहो”. पण भाजीवाला त्यांना जास्तीचा मुळा द्यायचा. शेजारच्या आजी त्यांच्या दाराला पर्सिमन फळांची पिशवी अडकवून जायच्या. त्यांनी कचरा चुकीच्या दिवशी ठेवला तर इमारतीचा रखवालदार काणाडोळा करायचा, आणि माझी पिशवी मात्र चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवायचा. एकदा मी त्या आजींशी चांगली पाचसहा आदरार्थी वाक्यं बिनचूक बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, लवून नमस्कार केला आणि विचारलं, “वसुधा-सान बऱ्या आहेत ना?” त्या दिवशी मी घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली.

विळीचं प्रकरण झालं ते गणपतीच्या आदल्या दिवशी. आमच्या मंडळाचा गणपती दोन स्टेशनं पलीकडच्या एका सभागृहात बसायचा आणि मोदक तिथेच करायचे असत. माझ्या फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाची पाकिटं तयार होती, मी तसं सांगितलंही. “बाप्पाला पाकिटातला नारळ? राहू दे गं,” म्हणून ताईंनी पुण्याहून आणलेली घडीची विळी टॉवेलात गुंडाळली, दोन नारळ घेतले आणि निघाल्या. मी पुढे गेले होते. स्टेशनबाहेर त्यांना पोलिसाने थांबवलं. आमच्यासारख्या चेहऱ्यांना थांबवणं तेव्हा नवीन नव्हतं. राहण्याच्या परवान्याचं कार्ड बघितलं, पिशवीत काय आहे विचारलं. दुसरी कुणी असती तर पिशवी उघडून गप्प उभी राहिली असती. वसुधाताईंना वाटलं, बिचाऱ्याला विळी म्हणजे काय ते कळत नाहीये, तर करून दाखवावं. त्यांनी तिथेच फरशीवर टॉवेल अंथरला, विळी उघडली, पाटावर पाय ठेवून ऐसपैस बसल्या आणि नारळ हातात धरून “अहो, हे असं” म्हणून समजावू लागल्या! ते वाकडं लखलखीत पातं बघून बायका किंचाळत मागे सरल्या आणि आणखी दोन पोलीस धावत आले. योग्य कारणाशिवाय एवढं पातं बरोबर बाळगायला इथे कायद्याने बंदी आहे. कारण होतं, पण ते पटवायला नामं आणि हातवारे पुरले नाहीत. सभागृहात आम्ही उकड मळत असताना भावोजींना पोलीस ठाण्यातून फोन आला, की तुमच्या पत्नीला अटक केली आहे.

गणपती बसले, गौरी आल्या, जेवल्या, परत गेल्या, तरी ताई आतच. त्या वर्षी घरच्या गौरी पहिल्यांदा माझ्या एकटीच्या हातांनी बसल्या. सोळा भाज्या जमवल्या, पुरण गुळगुळीत वाटलं. आणि हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई पानावर बसून डोळे पुसत म्हणत होती, “वसुधाताई असत्या तर...” मी वाढत राहिले. भेटायला परवानगी मिळाली तीही एका अटीवर. पहारेकऱ्याला समजायला हवं म्हणून बोलायचं फक्त जपानीत. भावोजींना कामापुरतं इंग्रजी येत होतं, जपानी नाही, म्हणून मला जावं लागलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ताई, बाजूला लिहून घेणारा पोलीस, आणि आम्ही दोघी जावा एकमेकींशी जपानीत बोलतोय. मी अचूक व्याकरणात तब्येतीची चौकशी केली. ताईंनी सगळं डोकं खाजवून विचारलं, “अनघा-सान. देवी. दोन देवी. भात, खाल्ला?” मी म्हटलं, हो, पोटभर जेवल्या. तो पोलीस लिहिता लिहिता थांबला, त्याला हसू आवरेना, आणि जाताना त्याने ताईंसाठी दार धरून ठेवलं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माणूस कोठडीत आहे आणि तिथेही माया तिलाच, ह्याचा राग येतो का कुणाला? मला आला.

शेवटी सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं. त्यासाठी ताईंनी दुभाष्यामार्फत जबाब दिला, की चूक कळली, पुन्हा असं करणार नाही. सही केली आणि घरी आल्या. आमच्या वकीलबाई हायाशी-सान म्हणाल्या, “उत्तम झालं. खटला नाही, शिक्षा नाही, तुम्ही गुन्हेगार नाही. फक्त अटक झाल्याची नोंद पोलिसांकडे राहील.” मी विचारलं, कोर्टात जाऊन ती पुसून घेता येईल का? त्या म्हणाल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही, मग कोर्ट काय पुसणार? गंमत बघा. खटला होऊन ताई निर्दोष सुटल्या असत्या तर हातात न्यायाधीशाच्या निकालाचा कागद आला असता. दया दाखवून सोडल्यामुळे हातात काहीच नाही, आणि नोंद मात्र आहे. घरी येताना ताई एवढंच म्हणाल्या, “माफ केलं म्हणे. कशाबद्दल गं?”

ह्या नोंदीने दोनतीन वर्षं काही बिघडवलं नाही. मग केतकी लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिला दिवस राहिले. बाळंतपणाला आईने जायचं हे ठरलेलंच होतं. डिंक, अळीव, बाळंतलेणी, सगळं पुण्याहून मागवून झालं होतं. व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, नंतर माफी मिळाली असली तरी सांगा. भावोजी म्हणाले, “नाही लिही. जपानी पोलीस कशाला कळवायला जातायत?” माझे यजमान म्हणाले तेच, फोनवरून केतकीही रडत तेच म्हणाली. मी तर चिडले होते. म्हटलं, “ताई, खटलाच भरला नाही त्याची नोंद ठेवायची तरी कशाला? कुठल्यातरी कोर्टाला हे पुसायचा अधिकार हवा. अमेरिकेत काही ठिकाणी पुसतात म्हणे, जावई सांगत होते. इथे पुसत नाहीत, तर आपण आपलं पुसून टाकायचं.”

“पुसायचं म्हणजे काहीतरी डाग होता असं झालं ना?” ताई शांतपणे अळीव निवडत होत्या. “मी काय केलंय पुसण्यासारखं? त्यापेक्षा त्यात कुणीतरी लिहावं, की बाई नारळ खोवायला चालली होती. तेवढं पुरे मला.”

“कोण लिहिणार ते? आणि बाळंतपण तोंडावर आलंय!”

“आणि समजा, पुसलं कोर्टाने. अर्जात विचारतायत, कधी अटक झाली का. झाली. तू काचेपलीकडे बसली होतीस. पहिल्या नातवंडाला भेटायला खोटं बोलून जाऊ का?”

त्यांनी ‘हो’ लिहिलं. उत्तर आलं, प्रकरणाचा कोर्टाचा कागद जोडा. कोर्टच झालं नव्हतं. खटला भरला नाही असा दाखला हायाशी-साननी धावपळ करून मिळवला, तर तो का भरला नाही ते कळवा असं उत्तर आलं. त्यात महिने गेले. शेवटी त्यांच्याऐवजी मी अर्ज केला, मी आपली कोरी करकरीत. माझ्या अर्जावर त्याच प्रश्नापुढे ‘नाही’ होतं, ते खरंही होतं, व्हिसा लगेच मिळाला. ताईंची बॅग होती तशी माझ्या हातात आली. विमानतळावर त्यांनी माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “अनघा, आज मला तुझा हेवा वाटतोय.” इतकी वर्षं हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मला केवढी हौस होती... आणि ऐकल्यावर मला बॅग तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

मला मूल नाही. बाळाला न्हाऊ घालायची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ. केतकीच्या घरी अमेरिकन बाथटब, त्यात एक बुटकं स्टूल ठेवून मी बसले, पाय लांब केले आणि सईला, म्हणजे त्या चिमुरडीला, पायांवर पालथं घेतलं. ती आधी घर डोक्यावर घेऊन रडली. मग पाठीवर पहिला तांब्या पडला आणि एकदम गप्प झाली. पडद्यावर निळे मासे छापलेले होते, मान वळवून त्यांच्याकडे टकामका बघत राहिली. माझ्या पायांवर ते ऊन ऊन, निसरडं, जिवंत वजन. केतकी दारातून म्हणाली, “काकू, आई टाळूवर तेल घालताना गाणं म्हणते.” म्हटलं, म्हणते हो तुझी आई. पण पाय माझे होते.

ताईंनी नंतर एकदा अर्ज केला, पुन्हा ‘हो’ लिहिलं, पुन्हा तेच झालं. मग त्यांनी नाद सोडला. केतकी सईला घेऊन टोकियोला आली तेव्हा पोर आठनऊ महिन्यांची, अनोळखी माणूस बघून रडायचं वय. आजीकडे दिली की भोकाड पसरायची आणि माझ्याकडे घेतली की गप्प. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला. ताई म्हणाल्या, “ओळखते तुला.” त्यानंतर भेटलो की त्या मला तेच विचारायच्या, “सांग गं, पहिल्या आंघोळीला कशी रडली?” मी सांगायची. रडणं, तांब्या, मासे. वर्षानुवर्षं सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. ते सांगताना मी थोडी ताठ बसत असे.

अंत्यविधीला हायाशी-सान आल्या होत्या, आता त्यांचेही केस पिकलेत. भावोजींना म्हणाल्या, ती नोंद साधारणपणे माणूस असेपर्यंत ठेवतात, आता काढून टाकतील. भावोजींनी वाकून आभार मानले. मला संताप आला. जिवंतपणी जी पुसायचा कुणाला अधिकार नव्हता, ती मेल्यावर पुसून उपयोग कुणाला? माझं मत अजून तेच आहे, खटला न भरता सोडलेल्या माणसाची नोंद कोर्टाने पुसावी आणि ‘अटक झाली का’ विचारणाऱ्यांनाही तसं बजावावं. ताई नको म्हणत होत्या ते खरं. पण कायदा काही वसुधाताईंसारख्यांसाठी करायचा नसतो, माझ्यासारख्यांसाठी करायचा असतो. मी असते तर डोळे मिटून ‘नाही’ लिहिलं असतं, विमानात बसले असते आणि पुढे जन्मभर दारावरच्या प्रत्येक घंटीला दचकले असते. त्यांना घाबरता येत नव्हतं, ह्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

ताई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे होते, दुखण्याने त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. इथे आजारी माणसाला घरी येऊन आंघोळ घालतात, घडीचा टब गाडीतून आणून खोलीत मांडतात. दोन तरुण मुली ताईंना अलगद कोमट पाण्यात उतरवून पाठीवर पाणी घालत होत्या. ताईंचं शरीर काडी झालं होतं, पण डोकं अगदी शाबूत. डोळे मिटूनच त्या आपल्या मोडक्या जपानीत म्हणाल्या, “मी पण. नात. अमेरिका. माझ्या पायांवर, पहिली आंघोळ. खूप रडली. मग मासे बघितले, गप्प.” ती मुलगी हरखली. “खरंच? एवढ्या लांब गेला होता तुम्ही?” तिने सहज माझ्याकडे बघितलं. ताईंनीही डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. ओशाळल्या नव्हत्या, विनवतही नव्हत्या. नुसत्या वाट बघत होत्या.

उभ्या जन्मात वसुधाताईंकडे नव्हती आणि माझ्याकडे होती अशी ती एकच गोष्ट. मी अचूक जपानीत म्हटलं, “हो. ताई गेल्या होत्या. मी इथेच होते.”

“नशीबवान नात,” मुलगी म्हणाली आणि तिने खांद्यावर आणखी पाणी घातलं. मग ताई मराठीत, हळूच मला म्हणाल्या, “पाणी फार कढत नव्हतं ना गं?”

“नाही ताई,” मी म्हटलं. “तुम्ही आधी कोपर बुडवून बघितलं होतं.”