‘आत्ताच गेला!’ म्हणणारा हिवराज

जंगलाच्या गेटवर चहाचं दुकान टाकलं की किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात, बाकावर बसतात आणि वरून चहा उधार मागतात! साकोलीहून आत आलं की आमचं गेट. सीझन ऑक्टोबर ते जून. पावसाळ्यात गेट बंद आणि सगळे आपापल्या गावी धानाच्या रोवणीला. लोक इथे वाघ बघायला येतात. मी लोकांना बघते, आणि ते रोज दिसतात.

*

हिवराज आमच्या गेटचा जुना ड्रायव्हर. जिप्सी मालकाची, तोंड स्वतःचं. वाघ दिसला नाही की याचं एकच वाक्य ठरलेलं, “आत्ताच गेला साहेब! धूळ बी खाली बसली नाही अजून!” लोक बिचारे हळहळत परत जायचे, पण खुशीत टिप देऊन जायचे.

एकदा पुण्याचे एक गृहस्थ दुसऱ्यांदा आले. पुन्हा तेच ऐकल्यावर भडकले. “अहो, मागच्या वर्षीपण तो आत्ताच गेला होता!”

हिवराज शांतपणे म्हणाला, “हो साहेब. टायमाचा पक्का आहे तो.”

*

मग गेल्या सीझनला प्रज्ञा आली. बी.ए. झालेली, नवीन गाईड. पहिल्या दिवशी तिचे बाबा तिला सोडायला आले होते. चहा पिताना मला म्हणाले, “ताई, पोरगी गुणाची आहे. पण खोटं बोलता येत नाही इले, थोडं सांभाळा.”

मी म्हटलं, हा तर गुणच झाला की!

“कायचा गुण? लहानपणी यष्टीत मी इचं हाफ तिकीट काढलं, तं हे कंडक्टरले म्हणते, काका, मले बारा पूर्ण झाले! अख्ख्या गाडीसमोर माही इज्जत!”

आणि गेटवर गाड्यांना गाईडचे नंबर लावणाऱ्यांनी या पोरीला नेमकं हिवराजच्या जिप्सीत बसवलं.

*

पहिल्याच दिवशी, दुपारच्या फेरीत हिवराजनं करकचून ब्रेक मारला. “थांबा! ताजे ठसे! दहा मिनिटं बी नाही झाले वाघाले!”

पर्यटक कॅमेरे घेऊन उभे. प्रज्ञानं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “कालचे आहेत. वरून आपल्याच गाडीचं चाक गेलं आहे, सकाळी.”

त्या फेरीला टिप नाही. हिवराज माझ्या दुकानात येऊन धपकन बसला. “मावशी, बाई नाही व ते, कोर्ट आहे!”

*

आता जो किस्सा सांगते, त्याला गेटवर सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

प्रज्ञानं तोवर एकदाही वाघ पाहिला नव्हता. गाईड असून! बोलून दाखवायची नाही, पण रोज आशेनं जायची. एका सकाळी ती पर्यटकांना उजवीकडचं मोहाचं झाड दाखवत होती. डावीकडे बघून हिवराज हळूच म्हणाला, “प्रज्ञा, वाघ.”

“हो का,” ती म्हणाली आणि मोहाफुलांबद्दल सांगत राहिली.

जिप्सीतल्या सगळ्यांनी वाघ पाहिला. फोटो काढले. तिनं मान वळवली तेव्हा नुसतं गवत हलत होतं.

संध्याकाळी ती माझ्या चुलीमागे जाऊन रडली. हिवराज समोर बसलेला, चहा गार झालेला. “मावशी, जलमात पहिल्यांदा खरं बोललो. अना तिनं पायलंच नाही.”

*

त्या दिवसापासून हिवराज बिघडला. म्हणजे खरं बोलायला लागला! नागपूरच्या एका कुटुंबानं विचारलं, वाघ दिसेल ना? हा म्हणतो, “नाही दिसणार. आठवडा झाला, कोणालेच नाही दिसला.” ते कुटुंब जिप्सीतून उतरून माझ्याकडे पोहे खायला आलं. माझा धंदा झाला, पण मालकानं त्याला धू धू धुतलं. बाकीचे ड्रायव्हर कपाळाला हात लावून बघायचे, “काहून गा, ताप आहे का तुले?”

त्या दुपारी प्रज्ञानं डब्यातले लाखोरी डाळीचे वडे त्याच्यासमोर ठेवले. दोघांनी इकडेतिकडे बघत ते संपवले. पण गेट आंधळं नसतं.

पुढे उन्हाळ्यात एकदा तो नुसता म्हणाला, “मागं वळून पाय.” तिनं काही न विचारता मान वळवली. वाघ पाण्यात बसला होता, पाठमोरा. ती मला ते सांगत होती तेव्हा चेहरा बघायला हवा होता तिचा!

*

पण तिच्यासाठी पवनीचं स्थळ आलेलं. मुलगा मास्तर, समाजातला, पक्की नोकरी. आणि इकडे हिवराज कुणब्याचा, प्रज्ञा बौद्ध घरातली. शिवाय त्याची नोकरी पावसाबरोबर संपणारी. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात, कुणकुण लागून, तिचे बाबा गेटवर आले. दोघं फेरीला गेलेले. मला म्हणाले, “कालच या हिवराजच्या गावाले जाऊन आलो, ताई. सगळं मालूम आहे मले. आता फक्त त्याच्या तोंडून आयकतो.”

जिप्सी आली. हिवराज हात पुसत समोर उभा राहिला. प्रज्ञा बाजूला.

“शेती किती?”

“एक एकर, काका. तेही भावासोबत.”

“जिप्सी?”

“मालकाची.”

“पावसाळ्यात काय करता?”

“दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी.”

“दारू?”

हिवराजनं मान खाली घातली. “होळीले घेतो.”

मी मनात म्हटलं, अरे बाबा, आज तरी थोडं खोटं बोलायचं होतंस!

बाबा प्रज्ञाकडे वळले. “हा खरं सांगून राहिला का व?”

प्रज्ञाचे कान लाल झाले. तिनं एकदा हिवराजकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“नाही बाबा. खोटा आहे तो, एक नंबरचा. शेती तीन एकर आहे. दारूले तं शिवत बी नाही.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग उरलेला चहा संपवला, कप धुवायच्या बादलीजवळ स्वतः नेऊन ठेवला आणि खिशातून फोन काढला.

“हॅलो, पवनी? हां, मास्तर... आमचं नाही जमत.”