पहाटेची जाग

"ह्यात कुणी जेवतं का हो?"

मुसलमानांवरचा मानसशास्त्राचा कुठलाही शोधनिबंध हातात दिला, की बाई चष्मा पुसत आधी हेच विचारायच्या. मी म्हणायचे, संशोधन आहे बाई, खानावळ नाही. त्या हसून पानं उलटायच्या. "बघा की. आमची माणसं ह्यात एक तर भितात, नाहीतर भिववतात. कुणाचं सासूशी वाजत नाही, कुणाची मुलगी गणितात नापास होत नाही."

बाई आकुर्डीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. माझ्या पीएचडीसाठी चाकणच्या कामगारांकडून फॉर्म भरून आणायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: पाच मिनिटांत गेटवरच्या वॉचमनच्या आईचे गुडघे विचारून मोकळी. मी पडले फटकळ. मला कुणी दोन शब्दसुद्धा सांगितले नसते.

विषय होता शिफ्ट आणि उदासी. मोजणी झाली आणि मी हरखलेच. मुसलमान कामगार इतरांपेक्षा जास्त उदास निघाले होते. गाइड म्हणाले, हे नक्की छापून येईल. मी पेढे आणले. बाईंनी पेढा घेतला नाही. फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घालून घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्यांनी एकाच प्रश्नावर बोट ठेवलं. पहाटे लवकर जाग येते का? 'हो' म्हटलं की उदासीचे गुण. फॉर्म भरून घेतानाच बाईंनी प्रत्येक 'हो'शेजारी कारणही लिहिलं होतं. आळंदीकडच्या पोरांपुढे 'काकड्याला उठतो', मुसलमान पोरांपुढे 'नमाजाला उठतो'. काकड्यावाल्यांचे गुण मी काढून टाकले होते. नमाजवाल्यांचे तसेच ठेवले होते.

मुद्दाम नाही हो. काकडा माझ्या घरातला होता, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोघींनी बसून सगळे फॉर्म पुन्हा तपासले. फरक जवळजवळ उरलाच नाही. प्रबंध वर्षभर लांबला, गाइड महिनाभर नीट बोलले नाहीत. बाईंनी मात्र त्याच दिवशी हात पुढे केला.

"गेली ना पोरांची उदासी? आता द्या पेढा."

नव्या फॉर्ममध्ये आम्ही एक प्रश्न घातला: पहाटे उठून काय करता? चाचणी म्हणून पहिला फॉर्म बाईंनीच भरला.

गेल्या थंडीत बाई गेल्या. विभागातलं माझं कपाट आवरताना तो फॉर्म हाती लागला. पेन्सिलीनं लिहिलंय: 'नमाज. मग चहा-खारी. नातीची वेणी. मग तुमचे फॉर्म.'

तो मी मोजणीत धरला नव्हता. घरी घेऊन आले.