धनुष्कोडीचे रूळ

परतूरच्या रेल्वे क्वार्टरांत कडूबा साळवेला सगळे 'पासवाला कडूबा' म्हणायचे. तसा पास सगळ्याच कामगारांना मिळे. पण बाकीचे तो लग्नकार्याला नाहीतर पोरीला माहेरी आणायला वापरत, आणि कडूबा वापरायचा हिंडायला. काम त्याचं कीमनचं. खांद्यावर हातोडा टाकून लायनीनं पायी जायचं, रुळाच्या ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, आणि तेवढ्याच तुकड्यावरून परत यायचं. ऊन असो, पाऊस असो, वर्षभर तेच. म्हणून वर्षातून एकदा त्याला वाटायचं, हे रूळ पुढं कुठवर जातात ते बघावं.

सांची बघून आला, सारनाथ बघून आला. हावड्याच्या पुलाखाली उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघून आला. आल्यावर क्वार्टरापुढच्या लिंबाखाली माणसं जमायची, आणि कुणी ना कुणी म्हणायचंच, "कडूबाभाऊ, ते समिंदरातल्या रुळाचं सांगा."

मग कडूबा धनुष्कोडीचं सांगायचा. "रामेश्वरच्या फुडं हाय गाव. गाव म्हंजी आता नुसत्या भिताडी. वादळात समिंदर आत आला आन् अख्खी गाडी घेऊन गेला, मान्सासगट. रूळ वाळूतून निघतेत आन् सरळ पाण्यात जातेत. फुडं बिलकुल काई न्हाई." आणि शेवटी स्वतःच विचारायचा, "त्या लायनीचा कीमन कोन असंल? तिथं लई जनाला इचारलं म्या. पर माही भाषाच कुनाला कळंना."

गिरिजाबाई, त्याची बायको, हे सगळं चुलीपाशी बसून ऐकायची. ती कधीच कुठं गेली नव्हती. आधी पोरं लहान, मग अंथरुणाला खिळलेली सासू, मग शेळ्या. कडूबा दरवर्षी म्हणायचा, "फुडल्या साली तुला नेतो." तिनं त्याचं कधी मनाला लावून घेतलं नाही. ऐकून ऐकून तिला सारनाथचा रस्ता परतूरच्या बाजारासारखा पाठ झाला होता.

सत्याहत्तर साल उजाडलं तेव्हा पोरीबाळी नांदायला गेल्या होत्या. मुलगा वसंता हसनाबादला मास्तर झाला होता. आता निवांत झालो असं म्हणावं, तर कडूबाच्या डोक्यात काहीतरी हलू लागलं. हातोडा लायनीवर विसरून यायचा. जेवता जेवता विचारायचा, "माय जेवली का?" माय जाऊन कैक वर्षं झाली होती. एकदा तर भर दुपारी तो रुळावरच बसून राहिला. ड्रायव्हरनं शिट्टीवर शिट्टी दिली तेव्हा कुठं उठला.

त्या संध्याकाळी टोळीचा मुकादम रामकिसन घरी आला. चहाला हात न लावता म्हणाला, "वैनी, आता त्यायला लायनीवर धाडत न्हाई म्या. टोळीला पानी पाजतील. रिटायरला थोडंच राह्यलंय, तवर घेतो सांभाळून. पर तुमी ध्यान ठेवा."

वसंतानं बापाला औरंगाबादला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, यावर औषध नाही.

आणि मग एक दिवस कडूबा आपण होऊन पास काढून घेऊन आला. "गिरिजे, अवंदा तुला नेतो. धनुष्कोडी दाखवतो."

वसंताच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, त्याला निघता येईना. तो आईवर चिडला. "माय, बाबाला बाजारातून घरी येता येईना, आन् तू त्यायच्या भरवशावर मद्रासच्या फुडं निघाली?"

"मंग कव्हा जाऊ?" गिरिजाबाई म्हणाली. "फुडल्या साली त्यायला मीच याद न्हाई राह्यली तर?"

वसंता स्टेशनवर पोचवायला आला, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिला.

नवल असं, की गाडीत बसल्यावर कडूबा पुन्हा पहिल्यासारखा झाला. गोदावरीचा पूल आला तसं त्यानं तिला हलवून जागं केलं. सिकंदराबादला गाडी बदलली, मद्रासला एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनावर बराबर घेऊन गेला. कुठं चुकला नाही. गाडी समुद्रावरच्या पुलावर चढली आणि दोन्हीकडं पाणीच पाणी दिसलं, तेव्हा गिरिजाबाईनं डोळे गच्च मिटले. कडूबा हसत सुटला. "अगं, बघ की! एवढ्यासाठीच तर आनलं तुला!" तिला वाटलं, डॉक्टराला काय कळतंय? यांचं औषध रेल्वेतच आहे.

रामेश्वरहून मासळी आणायला जाणारी एक लॉरी बघ्यांनाही घेऊन जात होती. वाळूतून हिंदकळत ती धनुष्कोडीला पोचली. कडूबानं सांगितलं होतं तस्संच होतं सगळं. छत उडालेलं चर्च, अर्ध्यावर वाळू चढलेली स्टेशनची भिंत, एकीकडं हिरवा समुद्र आणि दुसरीकडं काळसर. गिरिजाबाई पदर सावरत बघत राहिली. वारा असा, की कानात दुसरं काही शिरेना.

कडूबा रूळ शोधत पुढं गेला. गंजून लाल झालेला एक तुकडा वाळूतून वर आला होता. तो उकिडवा बसला, हातानं वाळू झटकली आणि म्हणाला, "हितली चावी निघालीया."

गिरिजाबाई हसली. तिला वाटलं, गंमत करतोय.

"हातोडा कुठाय माहा?"

"अवो, हातोडा परतूरला. चला, लॉरीवाला बोलावून राह्यला."

कडूबा उठला. त्याचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. "गाडीचा टाइम झाला, गिरिजे. फुडं रूळच न्हाईत. मानसं हायती गाडीत!" त्यानं खांद्यावरचा लाल पंचा ओढला आणि रुळांच्या मधोमध उभा राहून तो हलवू लागला. गाव पाठीमागं, समोर भकास वाळू. तिकडून गाडी येणार होती म्हणे.

तिनं त्याचा हात धरला. "गाडी न्हाई येत आता. बंद झाली ती कव्हाच. तुमीच सांगत होते की सगळ्यायला!"

त्यानं तिला ढकललं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. ती वाळूत पडली. उठून पुन्हा गेली, त्यानं पुन्हा ढकललं. मग तिनं खोटं सांगून पाहिलं. "अवो, रामकिसन मुकादमानं मागंच उभी केली गाडी. झेंडी दावली त्यायनं."

"मुकादम हितं कुठून आला? येडी झालीस का तू?" कडूबा ओरडला. पंचा काही थांबेना.

लॉरीवाला भोंगा वाजवून वाजवून कंटाळला. बघे लॉरीत बसून बोटं दाखवत होते. गिरिजाबाई धावत गेली, हात जोडले, बाजारात ऐकलेली हिंदी आठवेल तशी बोलली, "भाऊ, मेरे मालक को पकडो. उनकू समजता नै." कुणाला काही कळलं नाही. भरती चढायच्या आत त्यांना परतायचं होतं. लॉरी निघून गेली.

आता ती कुणाला हाक मारणार? तिला पाटी वाचता येत नव्हती, तिथली भाषा येत नव्हती. आणि तिला घेऊन आलेला माणूस समोर उभा राहून, कधीच बुडून गेलेली गाडी थांबवत होता. ती रुळापाशी बसली. रडलीसुद्धा नाही. रडून ऐकणार कोण?

उन्हं उतरता उतरता जाळी आवरून कोळी परतले. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं थोडा वेळ बघितलं आणि दोघा जणांना खूण केली. त्यांनी कडूबाला दोन्ही दंडांना धरून उचललं. तो पाय झाडत होता, लहान पोरासारखा रडत होता. "सोडा मला! मरतील रे सगळे! मरतील!" गिरिजाबाई त्याच्या वहाणा हातात घेऊन मागं चालत राहिली. म्हाताऱ्याच्या बायकोनं झावळ्यांच्या खोपटात त्यांना जागा दिली, भात-मासळी वाढली. कडूबा दमून तसाच झोपी गेला.

सकाळी तिला त्यानंच उठवलं. तोंड धुऊन, पंचा खांद्यावर नीट टाकून तो उभा होता. चेहरा कसा स्वच्छ. "उठ की गं. एवढ्या लांब येऊन झोपा काय काढती? चल, तुला धनुष्कोडी दाखवतो."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. कालचं काहीच त्याच्या ध्यानात नव्हतं. आणि त्यानं दाखवलं. चर्च दाखवलं, स्टेशन दाखवलं, रूळ पाण्यात कुठं जातात ते दाखवलं. "आता फुडं बिलकुल काई न्हाई," तो म्हणाला. तिचं कोपर अजून ठणकत होतं. ती म्हणाली, "लई भारी हाय." दुसरं काय म्हणणार? इतकी वर्षं तिला हेच दाखवायचं होतं त्याला.

परतीच्या वाटेवर तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. या खेपेला गोदावरीच्या पुलावर त्यानं तिला उठवलं नाही.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि दोघं हसनाबादला वसंताकडं आली. तिथं रेल्वे नाही. कडूबा सकाळी उठून चालू लागायचा, वाट दिसेल तिकडं. एकदा राजूरच्या रस्त्यावर लोकांना सापडला, त्यांनी एसटीत बसवून आणून सोडलं. वसंता म्हणाला, "माय, बाहेरून कडी लावत जाऊ."

गिरिजाबाईनं कडी लावू दिली नाही. तो निघाला की तीही पायात वहाणा सरकवून निघायची. तो चालेल तितकं चालायची, तो बसला की बसायची. तो तिला कधी अक्का म्हणायचा, कधी काहीच म्हणायचा नाही. रस्त्यात कुणी विचारलं, "जय भीम गिरिजाबाई, कुनीकडं निघाले दोघं?" तर ती त्याच्याकडं बोट करायची. "मला काय ठाव? त्यायलाच इचारा."

कडूबा थांबायचा, विचारणाऱ्याकडं बघायचा, ओठ हलवायचा. शब्द सापडला नाही की पुन्हा चालू लागायचा.