शेवटच्या गाडीचे हवालदारकाका

संगणक सुरू करण्याआधी टेबलाभोवती एक चक्कर मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या माधवनगरातल्या गल्लीतले हवालदारकाका. हातात फडकं, चष्मा कपाळावर. एकेक वायर बोटानं चाचपायची, जाळीवरची धूळ पुसायची आणि मगच बटण दाबायचं. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान त्यांच्या खिडकीसमोरच असल्यामुळे हा सोहळा मला रोज दिसायचा. एकदा मी हसले, तर शांतपणे म्हणाले, "मिस्त्रीबाई, गाडी न बघता बसायचं न्हाई. फौजेत पयल्या दिवशी शिकवलंय आमाला."

गाडी म्हणजे त्यांचा संगणक. काका मूळचे शिराळ्याकडचे. फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवला, सुटून आल्यावरही काही ना काही चालवतच राहिले. मग साखरेनं उजव्या पायाची जाणीव गेली. कुणी सांगण्याची वाट न बघता त्यांनी मोटारसायकलची किल्ली काकूंच्या पुढ्यात ठेवली. ब्रेकवर पाय आहे की नाही हे ज्याला कळत नाही त्यानं रस्त्यावर यायचं नाही, एवढंच बोलले. त्यानंतर महिनाभर ते खिडकीत बसून गल्लीतल्या टेम्पोवाल्यांच्या चुका काढत असत. ते मला बघवेना.

मुलगा पुण्याला नोकरीला जाताना आपला गेमिंग संगणक घरीच टाकून गेला होता. मी टेबलाला स्टिअरिंग बसवून दिलं, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं ओढायच्या पट्ट्यांवर घेतले आणि ट्रक चालवायचा एक खेळ लावून दिला. आठवड्याभरात काकांनी युनिटमधले तीन जुने ड्रायव्हर शोधून काढले. एक माण तालुक्यातला, एक कऱ्हाडकडचा आणि एक पंजाबातले सरदारजी. दर रविवारी सकाळी नऊला, ज्याच्या त्याच्या घरात बसून, चौघांचा कानवाय, म्हणजे ट्रकांचा ताफा, निघायचा. सरदारजी पुढे, काका सगळ्यात मागे. मागच्या गाडीनं "आखरी गाडी तैयार" म्हटल्याशिवाय पुढची हलायची नाही, आणि सगळ्यात हळू गाडीचा वेग तोच सगळ्यांचा वेग. फौजेतले हे नियम त्यांनी खेळातही सोडले नव्हते.

काकूंना या प्रकाराचं भारी कौतुक, पण त्या दाखवत नसत. "सत्तरीला आले आन् खेळणं लागलं हातात," असं दारात उभ्या राहून मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या. नऊच्या ठोक्याला चहाचा कप मात्र स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बरोब्बर ठेवलेला असायचा.

पण संगणक नऊ-दहा वर्षांचा. खेळाच्या नव्या आवृत्त्या आल्या तसा तो धापा टाकू लागला. चढ आला की चित्र अडकायचं आणि काकांचा ट्रक एका जागी थरथरत राहायचा. एका रविवारी तो तीनदा अडकला. पुढचे तिघं कडेला दिवे लुकलुकवत थांबले. तक्रार कुणीच केली नाही. काकांना तेच लागलं. दुपारी ते दुकानात आले ते ठरवूनच.

"माझ्यापायी तिघं थांबत्यात. एकतर गाडी बदलायची, न्हाईतर मी कानवाय सोडायचा."

चाळीस हजार, वर एक रुपया नाही. पेन्शनीतून बाजूला ठेवलेले. मुलगा फोनवर म्हणाला, लाखाचा घेऊन देतो. काकांनी नको म्हटलं आणि विषय संपवला. मलाही दुकान चालवायचं होतं, म्हणून मी काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवून पाहिलं. गाडीत आतून दिवाळी कशाला, म्हणाले. जुनं कॅबिनेट, जुना मॉनिटर, जुनं स्टिअरिंग, सगळं ठेवायचं. बॉडी चालते, इंजिन बदला.

आमचं खरं भांडण झालं ते पॉवर सप्लायवरून. माझं म्हणणं, जुनाच राहू दे, वाचलेल्या पैशांत चित्र अडकू न देणारं ग्राफिक्स कार्ड मोठं बसेल. काका ऐकेनात. वीज कमी-जास्त झाली तर सगळ्याला सांभाळतो तो भाग नवा आणि चांगलाच हवा. "आधी ब्रेक, मग पिकअप," एवढंच पुन्हा पुन्हा. मी चिडले. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला ट्रक ड्रायव्हरकडून संगणक शिकावा लागणार का, असं तोंडावर बोलून गेले. काका उठले, जाताना माझ्या टेबलावरचं फडकं घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी येऊन परत तेच. मी हरले. नवा पॉवर सप्लाय आणला आणि कार्ड कुणाचं तरी वापरलेलं घ्यायचं ठरलं.

कुपवाडला एका कारखान्यात डिझाइनचं काम करणारा मुलगा आपलं कार्ड विकत होता. मी चालू करून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. काका हलले नाहीत. तासभर पूर्ण ताणावर चालवायला लावलं, शेवटी त्याच्या पंख्याच्या वाऱ्यात हात धरून बघितला. "थंड असताना समद्याच गाड्या गुणी असत्यात. तापल्यावर बघायचं." तापल्यावरही ते कार्ड गुणी निघालं. हिशेब चाळीसच्या आत बसला. पुढच्या रविवारी घाट एका दमात चढून काका माझ्याकडे वळले आणि अंगठा दाखवून पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. तो चेहरा मी विसरणार नाही. त्या उन्हाळ्यात विजेच्या एका झटक्यानं गल्लीतले दोन टीव्ही आणि माझ्या दुकानातला एक संगणक गेला. काकांच्या गाडीला काही झालं नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, मी आधी पॉवर सप्लाय बघते.

दीड वर्ष तो कानवाय अडला नाही. गेल्या पौषात, अंगणात चहा घेता घेता काका गेले. माझ्या लहानपणी वडील गेले तेव्हा मी रडले नव्हते, समजत नव्हतं. या वेळी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी, काकूंनी बोलावलं. संगणक विकायचा असेल, चांगली किंमत द्यायची, असं मनाशी ठरवून मी गेले. काकू फडकं घेऊन टेबलाभोवती फिरत होत्या. एकेक वायर चाचपत होत्या.

"ही चालू करून दे. आन् मला शिकव."

काकूंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. काका गेल्यापासून तिघंही निघालेच नव्हते. माणच्यांचा फोन आला होता, वहिनी, मागं गाडी नाही तर निघायचं कसं. "ह्यांनी इंजिन बदललं, पर जागा सोडली न्हाई," काकू म्हणाल्या. "मग मी कशी सोडू?"

मी पट्ट्या दाखवल्या. कानाला हेडफोन लावला. पलीकडे तिघं गाड्या लावून थांबले होते. काकूंनी पदर खोचला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि चारचौघांत नाव घ्यावं तशा लाजत म्हणाल्या, "आखरी गाडी तैयार."

पुढची गाडी हलली. काकू वीसच्या वेगानं निघाल्या, त्याहून जास्त त्यांचा धीर होईना. मी पडद्यावर बघत होते. पुढे लांबच्या लांब रिकामा रस्ता होता आणि त्यावर तीन ट्रक वीसनंच चालले होते.